मानणे आणि जाणणे : ख्रिस्ती धर्मातील परमेश्वरज्ञानाचा प्रश्न

परमेश्वर आहे असे मानणे आणि परमेश्वराला जाणणे या दोन गोष्टी एक की भिन्न, हा प्रश्न केवळ परमार्गाच्या अभ्यासकापुढेच उभा राहतो असे नाही. ज्या धर्मात ईश्वर हा केंद्रस्थानी आहे, त्या प्रत्येक धर्मात तो कधी ना कधी उद्भवतोच. ख्रिस्ती धर्माविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की, तो विश्वासाचा धर्म आहे, ज्ञानाचा नव्हे. ख्रिस्तावर विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, म्हणजे मनुष्याचे कार्य संपले. ही समजूत ख्रिस्तेतरांतच आहे असेही नाही. पुष्कळ ख्रिस्ती जन तिच्यावरच विसंबून आयुष्य काढतात. परंतु त्या धर्माचे मूळ शास्त्र उघडून पाहिले असता ही समजूत टिकत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात ख्रिस्ताची मरणापूर्वीच्या रात्रीची प्रार्थना आली आहे. तीत सार्वकालिक जीवन म्हणजे काय याची व्याख्याच केलेली आढळते. एकमेव सत्य देवाला आणि त्याने ज्याला पाठविले त्याला जाणणे, हेच ते जीवन, असा तिचा आशय आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. जाणल्यामुळे जीवन प्राप्त होते असे तेथे म्हटलेले नाही. जाणणे हेच जीवन म्हटले आहे. साधन आणि साध्य यांच्यामध्ये अंतर ठेवलेले नाही. दुसऱ्या बाजूने याकोबाच्या पत्रात असे सांगितले आहे की, देव एक आहे असे भुतेही मानतात आणि मानून थरथर कापतात. म्हणजे केवळ मानणे हे भुतांच्या ठायीही संभवते. मानण्याने जर कोणी तरत असता, तर भुते कधीच तरली असती!

मत्तयाच्या सातव्या अध्यायातील वचन तर याहून कठोर आहे. ज्यांनी ख्रिस्ताच्या नावाने उपदेश केला, त्याच्याच नावाने भुते काढली, चमत्कार केले, असे लोक शेवटच्या दिवशी पुढे येतील, आणि आपली तुमची कधी ओळखच नव्हती असे त्यांना सांगण्यात येईल. तुम्ही मला ओळखले नाही, असा हा आरोप नाही; मी तुम्हांला कधी ओळखले नाही, अशी त्याची शब्दयोजना आहे. जाणणे ही क्रिया एका बाजूने पूर्ण होत नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. पौलानेही गलतीकरांस लिहिताना, तुम्ही आता देवाला ओळखता, असे म्हणून लगेच स्वतःच्या वाक्याला दुरुस्ती केली आहे की, खरे पाहता देवानेच तुम्हांला ओळखले आहे.

ज्या इब्री शास्त्रावर हे सर्व उभे आहे, त्यात जाणणे या अर्थी 'यादा' हे क्रियापद येते. उत्पत्तीच्या ग्रंथात आदामाने आपल्या स्त्रीला जाणले असे म्हणताना हेच क्रियापद योजले आहे. तेव्हा हे जाणणे म्हणजे माहिती नव्हे. निकटत्व, एकत्र असणे, ज्यातून काही नवे उत्पन्न होते असा संबंध. यिर्मया संदेष्ट्याने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. योशिया राजाने दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि मला जाणणे ते हेच नव्हे काय, असे देवाच्या मुखाने त्याने विचारले आहे. ज्ञान आणि आचार यांचा असा अभेद परमार्गाच्या वाचकास अपरिचित वाटणार नाही. ज्ञान झाले परंतु अनुसरण नाही, अशा पुरुषाचे ज्ञान कोणत्या कोटीचे, हा विचार येथील टीकाग्रंथांतून वारंवार आलेला आहे.

येथे कोणी अशी शंका घेईल की, अनंताला सान्त जीव जाणील कसा? ख्रिस्ती पंडितांनी या शंकेवर शतकानुशतके ग्रंथ रचले. त्यांतील सर्वांत मोठा पंडित थॉमस अक्वायनस. त्याने ईश्वरविषयक सिद्धान्तांचा प्रचंड ग्रंथ लिहीत आणला, आणि 1273 च्या डिसेंबरात एका उपासनेच्या वेळी त्यास असा काही अनुभव आला की, त्यानंतर त्याने लेखणी खाली ठेवली. ग्रंथ अपुराच राहिला आणि पुढल्या वर्षी तो वारला. जे पाहिले त्यापुढे आपले लिहिलेले गवताच्या काडीसारखे वाटते, असे तो सहायकास म्हणाल्याची परंपरा आहे. तथापि तेवढ्यावरून त्याचे लेखन व्यर्थ होते असे म्हणता येणार नाही. शब्दांनी तो जेथवर आला तेथूनच त्यास शब्दांची मर्यादा दिसली. ज्याने लेखणी उचललीच नाही त्यास लेखणी ठेवण्याचा अधिकार नाही. असो. पंडितांचा वाद पंडितांकडे ठेवून, जे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आणि ज्यात हा प्रश्न एका व्यक्तीच्या जीवनमरणाचा झाला, त्याकडे वळणे अधिक उपयुक्त होईल. ते उदाहरण पंडिता रमाबाईंचे होय.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वजनांचा रोष पत्करला. मातेकडून ती विद्या कन्येस मिळाली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले. 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचे द्रव्य दानधर्मात आणि देवांच्या आराधनेत खर्च करून हे कुटुंब प्रत्यक्ष उपासमारीस पोहोचले. पिता, माता आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. राहिलेली दोन भावंडे पायी प्रवास करीत 1878 साली कलकत्त्यास आली. तेथील पंडितांनी या तरुण स्त्रीस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विद्येचा गौरव झाला; पण ज्या देवांची तिने आराधना केली त्यांच्यावरील विश्वास तोपर्यंत उडाला होता. जगास दिसणारे पांडित्य आणि आतील रितेपणा ही दोन्ही एकाच वेळी त्यांच्या ठायी होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी स्मरणात ठेवावी.

कलकत्त्यास ख्रिस्ती मंडळींच्या एका सभेत रमाबाईंना संस्कृत बायबल भेट मिळाले. ते त्यांनी उघडले, आणि त्यातील भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृत वाङ्मयाहून इतकी निराळी वाटली की, तो ग्रंथ वाचण्यात वेळ दवडू नये असे त्यांना वाटले. संस्कृताच्या या विदुषीस संस्कृतातील देववाणी उमगली नाही! पुढे विवाहानंतर सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या साध्या भाषेतील पुस्तिकेने त्यांचे मन वेधले. 1882 साली पती निवर्तले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापन केला, आणि 1883 मध्ये विद्याभ्यासासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील संन्यासिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता.

या मठाच्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे मार्ग चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान चालवीत. ज्या स्त्रियांचे नाव घेणेही समाज टाळतो त्यांना या भगिनी जवळ घेतात, हे रमाबाईंनी पाहिले आणि त्याचे कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. ती कथा अशी. येशू दुपारच्या वेळी थकून विहिरीवर बसला असता पाण्यास आलेल्या एका स्त्रीजवळ त्याने पाणी मागितले. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत; तीही आश्चर्यचकित झाली. बोलता बोलता तिने उपासनेच्या स्थानाचा वाद काढला, डोंगर खरा की यरुशलेम खरे. त्यावर येशूने तिला, तुम्ही ज्याची उपासना करता त्याला ओळखत नाही, असे सांगितले. अर्थात या कथेचा विषयच अज्ञात उपास्याचा आहे. पण त्याहून विशेष असे की, तिचे आजवरचे पाच पती आणि आताचा जो पती नव्हे तो, हे सर्व त्या अनोळखी पुरुषाने तिला सांगितले; आणि ती घागर तेथेच टाकून गावात धावली ती, मी देव पाहिला असे सांगत नव्हे, तर माझे सारे आयुष्य सांगणारा मनुष्य भेटला, असे सांगत. आपण कोणास तरी पूर्णपणे ज्ञात आहोत आणि तरीही त्याने आपल्याजवळ पाणी मागितले, एवढेच तिला प्रथम कळले. मत्तय आणि पौल यांच्या वचनांतील जो उलट क्रम वर पाहिला, तोच येथे कथारूपाने आला आहे.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. येथून खरा प्रश्न सुरू होतो.

बाप्तिस्मा घेऊनही रमाबाई प्रश्न विचारीतच राहिल्या. देवाचे त्रैक्य, ख्रिस्ताचा कुमारीच्या उदरी जन्म, धर्मसभेने ठरविलेली मतांगे, या प्रत्येकाविषयी त्यांनी आपली धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. तो 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि ईश्वरज्ञानाच्या प्रश्नावर महाराष्ट्रीय व्यक्तीने केलेल्या चिंतनाचे इतके निर्भीड साधन क्वचितच दुसरे असेल. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरविले, आता तसेच दुसरे जू उचलण्यास आपण तयार नाही, असा त्यांचा भाव होता. भगिनी जो क्रूस वापरीत त्यावर लॅटिन अक्षरे होती. त्याविषयीही त्यांनी वाद घातला. न समजणाऱ्या लॅटिनमध्ये आपल्या प्राचीन संस्कृताहून अधिक काय आहे, असा त्यांचा प्रश्न होता. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक दिसते. पण जे आपणास कळत नाही ते अंगावर मिरवू नये, हाच आग्रह त्यांनी त्रैक्याच्या बाबतीत धरला होता.

जेराल्डीनचे म्हणणे थोडक्यात असे होते की, शिष्येने प्रथम शरण यावे, ज्ञान मागाहून येईल. बुद्धीचा अहंकार हीच ज्ञानाच्या वाटेतील आडकाठी. रमाबाईंचे म्हणणे असे की, जे मला सत्य म्हणून कळले नाही त्यास मी सत्य म्हणू लागले तर तो देवाशीच असत्य व्यवहार होईल. दोघींच्याही बाजूने ख्रिस्ती शास्त्रात आधार सापडतो. जो देवाची इच्छा आचरू पाहील त्यास शिकवणीचा उगम कळेल, असे योहानाच्या सातव्या अध्यायात आहे. ते जेराल्डीनच्या पक्षाचे. उलट प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाने रथात बसून ग्रंथ वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्यास प्रथम, वाचता ते समजते काय, असे विचारले आणि समजाविल्यावरच त्यास बाप्तिस्मा दिला. ते रमाबाईंच्या पक्षाचे.

या वादात निर्णय एकतर्फी देता येत नाही. गुरुपरंपरेत वाढलेल्या मनुष्यास जेराल्डीनच्या म्हणण्यातील सत्य लगेच जाणवेल. आचरणाविना काही गोष्टी कळतच नाहीत. पोहण्याचे ज्ञान काठावर होत नाही. परंतु तिने शरणागती देवाकडे मागितली की धर्मसंस्थेकडे, येथे घोटाळा झालेला दिसतो. संस्थेने लिहून दिलेल्या मतांगास मान डोलावणे म्हणजे परमेश्वरास शरण जाणे नव्हे. उलट रमाबाईंनी, मला अजून कळले नाही, असे जे वारंवार म्हटले, त्यात परमेश्वराविषयी अधिक आदर होता, असेच म्हणणे प्राप्त आहे. कारण 'कळले' असे खोटे म्हणणाऱ्याच्या ठायी पुढे कळण्यास जागाच उरत नाही. तथापि त्यांच्या शंकांत सर्व जिज्ञासाच होती आणि अभिमान मुळीच नव्हता असे म्हणणेही धाडसाचे होईल. त्यांचे पुढील जीवनच तसे म्हणू देत नाही.

1889 च्या मार्च महिन्यात रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. विधवांचे शिक्षण चालू झाले, अमेरिकेतून साहाय्य येऊ लागले, नाव झाले. आणि या सर्व धामधुमीत त्यांना असे दिसून आले की, बाप्तिस्म्यास आठ वर्षे लोटली तरी आपणास सापडला आहे तो ख्रिस्ती धर्म. ख्रिस्त सापडलेला नाही. 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. धर्मही त्यांनी वाईट म्हटला नाही. तो आपणास पुरेसा चांगला वाटत होता असेच म्हटले. उणीव होती ती त्या धर्माच्या स्वामीची.

या जाणिवेच्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम नामक इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचले. त्याची कथा मोठी विलक्षण आहे. कॉर्नवॉल प्रांतात हा गृहस्थ कित्येक वर्षे चर्चचा अधिकृत उपदेशक होता. 1851 साली एका रविवारी, ख्रिस्ताविषयी तुम्हांस काय वाटते, या वचनावर तो प्रवचन करीत असता ते वचन त्याच्याच अंगावर आले. आपण ज्याविषयी बोलत आहो त्याला आपण ओळखतच नाही, हे त्यास व्यासपीठावर उभे असता समजले आणि तेथेच त्याचा पालट झाला. श्रोत्यांतील एकजण उठून ओरडला की, आमच्या उपदेशकाचे परिवर्तन झाले! श्रोत्यांनाही तोवर उपदेशक अपरिवर्तित आहे हे माहीत होते, माहीत नव्हते ते एका उपदेशकालाच. जे जे म्हणून व्यासपीठावर बसतात, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांनी ही कथा हसण्यावारी नेऊ नये.

रमाबाईंना 1891 च्या सुमारास जे मिळाले त्याचे वर्णन त्यांनी अगदी साध्या शब्दांत केले आहे. नवीन सिद्धान्त त्यात नाही. आपण पापी आहोत, आपल्या पुण्याने वा विद्येने आपण तरणार नाही, जे दिले जाते ते केवळ स्वीकारावे लागते, एवढेच. पंडितेला हे स्वीकारण्यास आठ वर्षे लागली, आणि ती लागणे स्वाभाविक होते. ज्याच्याजवळ द्यावयास पुष्कळ आहे त्यास घेणे अवघड जाते. त्यांच्या शंकांपैकी काहींची उत्तरे त्यांस मिळाली, काही शंका गळून पडल्या. शंका सुटणे आणि शंका गळणे यांत भेद आहे.

मग त्या आठ वर्षांचे मूल्य काय? बाप्तिस्मा खोटा ठरला काय? अज्ञान आणि अन्यथाज्ञान हे दोन शब्द परमार्गाच्या वाचकास नवे नाहीत. न जाणणे ही एक अवस्था, आणि जे ते नव्हे त्यालाच ते म्हणून जाणणे ही दुसरी. 1883 च्या रमाबाई कोणत्या अवस्थेत होत्या? त्यांनी जर आठ वर्षे, आपण ख्रिस्तास जाणतो असे स्वतःस समजाविले असते, तर ते अन्यथाज्ञान ठरले असते, आणि त्यातून सुटका कठीण होती. त्यांच्या पत्रांनी त्यांचे रक्षण केले. प्रश्न जिवंत होता म्हणून अज्ञान अज्ञानच राहिले, अन्यथाज्ञान झाले नाही. जेराल्डीन ज्यास आडकाठी म्हणत होती, त्यानेच वाट मोकळी ठेवली होती, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

परंतु ज्ञान झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो नैतिक स्वरूपाचा होता. शारदा सदनात कोणाच्या धर्मास हात लावला जाणार नाही, असे वचन रमाबाईंनी दिले होते, आणि त्या वचनावर विसंबून लोकांनी आपल्या मुली तेथे ठेविल्या होत्या. 1891 नंतर रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. आपण कोणास बोलाविले नाही, कोणास अडविलेही नाही, अशी त्यांची बाजू होती. 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला आणि पुष्कळ मुली काढून नेण्यात आल्या.

उघडे दार हे निमंत्रण आहे की नाही? ज्यास परमेश्वर भेटला असे वाटते तो त्यास दाराआड लपवू शकत नाही, हे खरे. लपविता येत असेल तर भेटीविषयीच शंका घ्यावी. पण निराश्रित, अल्पवयीन, आणि जिचे अन्नवस्त्र त्याच घरावर अवलंबून आहे, अशा मुलीच्या डोळ्यांपुढे ते दार उघडे असणे आणि समान योग्यतेच्या जिज्ञासूपुढे उघडे असणे, यांत अंतर आहे. जे ज्ञान स्वीकारण्यास स्वतः पंडितेला, पूर्ण स्वातंत्र्य आणि दोन इंग्रज विदुषींशी वाद घालण्याची मोकळीक असताना, आठ वर्षे लागली, ते त्या मुलींनी आठ महिन्यांत स्वीकारले, तर त्यांनी काय स्वीकारले? ख्रिस्त, की रमाबाईंची माया? रमाबाईंविषयी पूर्ण आदर ठेवूनही हा प्रश्न विचारावा लागतो. त्यांच्या सल्लागारांचे म्हणणे सर्वथा अन्यायाचे नव्हते. विशेष हे की, मायेने आलेल्या आणि स्वतः न जाणलेल्या मुली सभोवती जमल्या आहेत, याची जाणीव पुढे खुद्द रमाबाईंसही झाली असावी, असे त्यांच्या शेवटच्या मोठ्या कार्यावरून अनुमान करता येते.

ते कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया केडगावास आणल्या आणि मुक्ती सदनाचा पसारा वाढला. प्रचलित मराठी बायबल या स्त्रियांना कळत नाही, त्यातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात, आणि जेथे कळतात तेथे जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर घेऊन येतात, असे रमाबाईंच्या ध्यानात आले. म्हणून उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. आश्रमाच्याच छापखान्यात आश्रमातील स्त्रिया खिळे जुळवीत. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. 1921 मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी ते थांबले नाही. मुद्रिते तपासून हातावेगळी होताच 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

त्यांच्या आधी तीनशे वर्षे याच प्रश्नाला दुसऱ्या एका ख्रिस्ती पुरुषाने निराळे उत्तर दिले होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांनी बाप्तिस्मा घेतला होता, पण आपण कोणाचे झालो हे त्यांना ठाऊक नव्हते. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा प्रश्न एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्याच्या तोंडी त्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी घातला आहे. त्याचे उत्तर म्हणजे 1616 मध्ये राशोल येथे छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण. त्याने ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, लोकांच्या कानांस सवयीचे असलेले शब्द उचलले.

दोन्ही मार्गांत लाभ आहे आणि धोकाही आहे. परिचयाचे नाव दिले तर मनुष्य सहज आत येतो, परंतु जुन्याच उपास्यास नव्या नावाने ओळखत बसण्याचा संभव राहतो. अन्यथाज्ञानाचा उगम पुष्कळदा असा शब्दांत असतो. अपरिचित शब्द योजिला तर गोंधळ टळतो, पण मनुष्य दारातच थबकतो. स्टीफन्सची ओवी आजही वाचकास गोड लागते. रमाबाईंचे भाषांतर मुळाशी इतके इमान राखते की, काही ठिकाणी त्याची मराठी अडखळते. ज्या अडाणी बाईसाठी हा खटाटोप, ती त्या अडखळण्यापाशी थांबली असेल, हे नाकारता येत नाही. तरीही त्यांचा हेतू स्मृतिस्थळ वाचणाऱ्यास ओळखीचा वाटेल. केशिराजबासांसारख्या पंडिताने संस्कृतात रचना करू म्हटले, तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांस आवरले. तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या बाया नागविल्या जातील, असे त्याचे कारण सांगितले. नागविल्या जातील, हा त्यातील अर्थ विचार करण्याजोगा आहे. जे ज्ञान श्रीचक्रधर स्वामींनी त्यांना त्यांच्या भाषेत दिले, ते पंडितांच्या भाषेत नेणे म्हणजे त्यांच्या हातातले काढून घेणे होय. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या बायका आणि रिद्धपूरच्या त्या म्हाताऱ्या यांच्यात सहाशे वर्षांचे आणि दोन धर्मांचे अंतर आहे. पण ज्ञानावर त्यांचा हक्क आहे असे मानणारे कोणीतरी दोन्हीकडे होते.

आता यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या झरी जामणी तालुक्याकडे पाहावे. पलीकडे तेलंगण. या भागात कोलामांची पोडे आहेत. कोलाम स्त्री घरात कोलामी बोलते. ती द्रविड कुळातील भाषा आहे. मराठी तिला बाजारात भेटते, मुलांच्या शाळेत भेटते, कचेरीत भेटते. तेव्हा ज्या मराठीसाठी नागदेवाचार्यांनी संस्कृत दूर ठेविले आणि जिच्यासाठी रमाबाईंनी अठरा वर्षे वेचली, ती मराठीच या पोडावरील म्हातारीला कलकत्त्यात रमाबाईंच्या हाती पडलेल्या संस्कृत बायबलासारखी आहे. तिच्याकडे परमेश्वराचे नाव घेऊन जो जाईल, मग तो भिक्षू असो, कीर्तनकार असो वा मिशनरी असो, त्याचे नाव ती ऐकून घेईल, कदाचित उच्चारीलही. आदरातिथ्यात ती उणी पडणार नाही. पण तिने मान डोलावली म्हणून तिने जाणले असे त्याने आपल्या वहीत लिहू नये.

शोमरोनी स्त्रीच्या कथेचा शेवट पुष्कळदा सांगायचा राहून जातो. तिच्या सांगण्यावरून गावकरी विहिरीवर आले, त्यांनी येशूस राहण्याचा आग्रह केला, आणि तो दोन दिवस त्यांच्या गावी राहिला. नंतर ते त्या स्त्रीला म्हणाले की, आता तुझ्या बोलण्यावरून आम्ही विश्वास ठेवीत नाही. आम्ही स्वतः ऐकले आहे. त्या गावची आणि त्याची बोली पुष्कळशी जवळची होती, म्हणून दोन दिवस पुरले. कोलामांच्या पोडावर जाणाऱ्यास कोलामी शिकण्यापासून आरंभ करावा लागेल.